वारं येणारी खोली

आमच्या घरातली आतली खोली मी आठ वर्षं दार न लावता वापरली. कपडे बदलायचे तर पडद्याआड, पाहुणे झोपले तर पडद्याआड. नणंद राहायला आली की वैतागायची, "वहिनी, निदान झोपताना तरी दार लावू द्या की." मी म्हणायचे, "नको हो, वारं छान येतं या खोलीत. आम्ही दार लावतच नाही." हे वाक्य मुळात माझं नव्हतंच. ज्या बाईकडून आम्ही हे घर घेतलं, तिचं होतं. घराबरोबर तेही माझ्याकडे आलं.

घर जुळे सोलापुरात. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि ही आतली खोली, वर गच्ची, पुढे दोन पावलांचं अंगण. घ्यायचा हट्ट माझा. नवरा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे. त्याचं म्हणणं होतं की तिथंच राहू, रोजची ये-जा वाचेल. पण मी ब्लाउज शिवते, माझी गिऱ्हाइकं सगळी शहरातली, आणि मुलीची शाळा इथं. शेवटी मी जिंकले आणि त्याच्या नशिबी आली सकाळची गाडी. म्हणून या घराचं काहीही बिनसलं की मला आधी त्याचा तो डबा घेऊन निघालेला पाठमोरा चेहरा आठवतो. पाठमोऱ्या माणसाला चेहरा नसतो, हे मला कळतं. पण मला दिसतो, त्याला मी काय करू?

घर बघायला आलो तेव्हा मार्गशीर्ष होता. घरमालकीण गोड बाई होती. चहा दिला, माझ्या साडीचं कौतुक केलं. आम्ही आपल्या अकलेप्रमाणे सगळं तपासलं. दार पूर्वेला आहे, ठीक. पाणी किती दिवसांआड येतं, टाकी केवढी, ते विचारलं. नवऱ्यानं सगळे दिवे लावून बघितले, संडासात दोनदा पाणी सोडलं. मी ओट्याची उंची हाताला येते का ते पाहिलं. आतल्या खोलीच्या दाराला खाली एक दगडी वरवंटा लावलेला होता. बाई म्हणाली, "वारं फार छान येतं इथं. आम्ही दार लावतच नाही." मला तर ती खोली तेव्हाच आवडली. पुढे घर सोडताना तिनं तो वरवंटा तिथंच ठेवला. मी नवऱ्याला म्हटलं, किती चांगली बाई, वस्तू ठेवून गेली.

खाली कुणी बघितलं नाही. फक्त माझ्या वडिलांनी बघितलं. ते केमहून आले होते, शेतकरी माणूस. घरात शिरायच्या आधी अंगणाच्या कडेला उभे राहून त्यांनी चपलेच्या टोकानं माती उकरली आणि मला विचारलं, "पोरी, खाली काय घातलंय?"

"टाइल्स आहेत की बाबा. नव्या आहेत."

"आगं, त्याच्या खाली."

मला हसू आलं. फरशीच्या खाली काय असणार, जमीन असणार. "बरं हाय," म्हणाले ते, आणि चहा प्यायले. लेकीचा उत्साह बघून गप्प बसले असणार. आणि मी कोण? काळ्या रानातली पोरगी. उन्हाळ्यात आमच्या वावराला अशा भेगा पडायच्या की लहानपणी माझा चेंडू एका भेगेत गेला तो गेलाच, कोपरापर्यंत हात घालूनही लागला नाही. पहिल्या दोन पावसांत त्या भेगा मिटायच्या आणि रान फुगून वर यायचं. हे सगळं मला पाठ होतं. पण रान वेगळं आणि घर वेगळं, अशी माझ्या डोक्यात वाटणी झालेली.

पहिल्याच पावसाळ्यात कळलं. तोवर मी तो वरवंटा बाजूला करून दार लावायला लागले होते, कारण कपडे बदलताना लाज मला आहेच. एका दुपारी आत गेले, दार ढकललं, ते जरा घासत गेलं आणि बसलं. उघडायला गेले तर हलेना. कडी ओढली, लाथा घातल्या, काही नाही. फोन हॉलमध्ये वाजत होता. एक गिऱ्हाईक येऊन, हाका मारून निघून गेलं. मी आतून ओरडत होते, पण रस्त्यावर पाऊस इतका की तिला काय ऐकू जाणार! खिडकीला गज. मुलगी सहलीला. नवऱ्याची गाडी संध्याकाळची. मी पलंगावर बसून त्या दाराकडे बघत राहिले आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या एका दुपारपुरती नाही. हे घर आता आपल्याला सोडणार नाही, अशी ती भीती होती.

त्या दुपारी मी दार उघडायची युक्ती शोधून काढली. आधी दार उलटं चौकटीकडे ढकलायचं, मग दोन्ही हातांनी कडी वर उचलायची, मग एकदम झटका देऊन ओढायचं. भर पावसाळ्यात हे तीन वेळा करावं लागतं. बाहेर आले आणि आधी तो वरवंटा जागेवर लावला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तो इथं का ठेवला होता.

पुढे एक गवंडी येऊन बघून गेला. कोपऱ्यातली एक फरशी उचलली, खाली हात घातला आणि मूठभर काळी माती माझ्यासमोर धरली. "ताई, भराव मुरमाचा पायजे व्हता. यांनी पायाची उकरलेली काळीच परत आत ढकलली. काळी पाण्यानं फुगती, फरशीला वर उचलती. उन्हात आकसती, मग भित्ती उलतात." उपाय विचारला तर म्हणाला, सगळी फरशी काढा, काळी बाहेर, मुरूम आत, पाणी मारून धुमसानं ठोका. घर मात्र महिनाभर रिकामं पायजे. मी मान डोलावली. महिनाभर रिकामं करून जायचं कुठं, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हालाही कधी सुचलं नाही.

मग आम्ही सवयीनं राहायला लागलो. माझं शिलाई मशीन हॉलमध्ये. त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, पावसाळ्यात दोन पदरी, उन्हाळ्यात चार. पदर चुकला की मशीन थरथरतं आणि शिलाई वाकडी जाते. बाहेर कुणाला पाऊस कळायच्या आधी मला पायाखाली कळायचा. दिवसभर घरात मीच असायचे ना. नवरा निदान गाडीत तरी बसायचा. त्या बाईला मी आठ वर्षांत काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. लबाड, चोरटी हे त्यातले सौम्य शब्द.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही घर विकायला काढलं. नवऱ्याला पाठीचा त्रास सुरू झाला होता, रोजची गाडी त्याच्यानं होईना. मुलगी आता पुण्यात शिकते. इथलं विकलं तरच कुर्डुवाडीत घर घेता येणार होतं, नाहीतर नाही. आणि विकायला काढायचं ते कधी? दिवाळीनंतरच. तेव्हा काळी निम्मी वाळलेली असते. फरशी बसलेली, भेगा अजून उघडायच्या आहेत, दारं लोण्यासारखी फिरतात. हा हिशेब आम्हाला कुणी शिकवला नव्हता. आठ वर्षं त्यावर चालून पायांनाच कळला होता. भिंतीच्या भेगांत मी पुट्टी भरली, रंग दिला, एका जागी कॅलेंडर लावलं. पोकळ वाजणाऱ्या तीन फरश्यांवर कपाट ओढलं. कपाट ओढताना मला ती बाई दिसली, अगदी अशीच कपाट ओढताना. मी तिच्याकडे कानाडोळा केला.

एक टेम्पोवाला घर बघून गेला. तिशीतला, मुसलमान, स्वतःची गाडी असलेला, बोलायला मोकळा. सोबत ओळखीचा मिस्त्री आणला होता. मिस्त्रीनं नाण्यानं फरश्या वाजवल्या, कपाटाखालच्या सोडून. पसंत पडलं. जाताना तो म्हणाला, "ताई, आता फक्त अम्मी येऊन बघणार. अम्मी हो म्हणली की झालं."

रविवारी दुपारी येतो म्हणाला. आणि नेमका शुक्रवार-शनिवार अवकाळी पाऊस लागला. रविवारी सकाळी मी पुढचं दार, मागचं दार, न्हाणीघराचं दार दहादहा वेळा उघडून लावून बघितली. सगळी नीट. आतल्या खोलीचं दार बघायचं मला सुचलंच नाही. जे दार आपण कधी लावतच नाही ते तपासायचं कशाला? उलट मी काय केलं, तर झाडू मारताना तो वरवंटा उचलून ओट्याखाली ठेवला. पाहुण्यांसमोर दाराला दगड बरा दिसत नाही म्हणून. नवरा त्या दिवशी ड्युटीवर होता. जाताना म्हणाला, "जास्त बोलू नको."

अम्मी आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, गुडघे धरून चालणाऱ्या. बुरख्याचा नकाब वर केल्यावर आत एक शांत, सुरकुतलेला चेहरा निघाला. मी त्यांना चाची म्हणाले, त्या मला बेटी. मुलानं आल्या आल्या गच्ची दाखवायची घाई केली तर म्हणाल्या, "तू जा, मला जिने नको." तो गच्चीवर टाकी बघायला आणि मग गल्लीत गाडी कुठं लागेल ते मोजायला गेला. चाची अनवाणी, सावकाश घरभर फिरल्या. भिंतींकडे बघितलंच नाही. मी मागून बोलत होते. आतल्या खोलीशी आल्यावर माझ्या तोंडून ते आपोआप निघालं, "ही खोली वाऱ्याची. आम्ही दार लावतच नाही."

चहा झाला. जवळच्या मशिदीतून अजान ऐकू आली. चाचींनी पिशवीतून जानमाज, नमाजाची चटई, काढली. "बेटी, मी घर असंच बगते. तितं एक नमाज पढते, मग हो का न्हाय ते सांगते. आजवर तीन घरं बदलली, तीनी अशीच." हात-तोंड धुवायला पाणी मागितलं. पश्चिम कुठली ते विचारलं. मी आतली खोली दाखवली आणि त्यांना मोकळीक हवी म्हणून स्वयंपाकघरात आले. कप विसळत होते तेवढ्यात तो आवाज आला. दार घासत गेलं आणि बसलं.

हातातला कप टाकून पळत गेले तर चाचींनी दार लावून घेतलेलं. आत नमाज सुरू झालेली. माणूस नमाजाला उभं असताना दार कसं वाजवणार? मी दाराबाहेर उभी राहिले. आत बांगड्या किणकिणल्या, गुडघे टेकल्याचा आवाज आला, एक हळू कण्हणं. त्या आत अडकल्या होत्या आणि त्यांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी बाहेर असूनही कुठं जाऊ शकत नव्हते. मुलगा आला तर? दार फोडावं लागलं तर? वरवंटा ओट्याखालून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं पळून जावं, सरळ स्टेशनवर जाऊन नवऱ्याच्या गाडीत बसावं. काय ती नमाज, संपता संपेना.

मग कडी वाजली. एकदा, दोनदा. "बेटी, दार उघडंना की गं."

"थांबा चाची, ओढू नका." मी दाराला तोंड लावलं. "आधी दार माझ्याकडं ढकला, चौकटीकडं. ढकललं? आता कडी दोन्ही हातांनी वर उचला. खालचा कोपरा फरशीला अडतो, तो सुटला पाहिजे. आणि मग एकदम ओढा. पावसाळ्यात तीनदा करावं लागतं, आता एकदोनदा केलं की होईल."

बोलून गेले आणि मग मला ऐकू आलं मी काय बोलले ते.

आत कडी थांबली. मग आवाज आला, अगदी दाराजवळून. "किती साल झाले, बेटी?"

"आठ."

"सजद्यात कपाळ टेकाया गेले तवाच कळलं मला. गुडगे खाली, कपाळ वर. पोटुशी बाई निजल्यागत फरशी हाय हितं. मग तुमी कसं ऱ्हाता?"

"दाराला वरवंटा लावून ठेवतो. आज मीच काढला. तुम्ही येणार म्हणून."

आत त्या हसल्या की खोकल्या, कळलं नाही. मग त्यांनी जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "तुला बी असंच दाखवलं व्हतं, व्हय?"

मला रडूच फुटलं. आठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, वडिलांनी नाही. मी "हो" म्हणाले, दाराला कपाळ लावून. रडू आलं ते अडकवलं गेल्याचं होतं आणि आता आपणही तेच करतोय त्याचंही होतं. दोन्ही वेगळं काढता येत नव्हतं.

"रडू नगं. रेट तिकडनं. मी उचलते."

मी खाली बसून दाराच्या कोपऱ्याला खांदा लावला. त्यांनी आतून कडी उचलली. दुसऱ्या खेपेला दार सुटलं. चाची घामेघूम झाल्या होत्या. त्यांना पाणी दिलं. त्यांनी जानमाजेची घडी केली, पिशवीत ठेवली, पाणी प्यायल्या. माझ्यावर ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी रिकामा पेला माझ्या हातात दिला.

तेवढ्यात मुलगा आला. हातात टेप, चेहरा फुललेला. "अम्मी, गाडी बराबर बैठती इधर. कैसा लगा घर?"

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. घाईनं नाही. मला जागा करून दिली त्यांनी. हे मला तेव्हाही कळलं होतं आणि म्हणूनच ते लिहायला जड जातंय. माझ्याकडे वाक्य तयार होतं. भाऊ, खाली काळी माती आहे, पावसाळ्यात फरशी उचलते. एवढंच. पण मला नवऱ्याची पाठ दिसली, कुर्डुवाडीचं घर दिसलं, आणि माझं तोंड उघडलं नाही.

मग चाची मुलाकडे वळून म्हणाल्या, "घर अच्छा हाय बेटा. पन हवा लई आती इस कमरे में. मेरे घुटनों को नई सोसती."

"हवा?" तो खोलीत डोकावला. दुपारची वेळ, पान हलत नव्हतं. पडदा सरळ खाली लोंबत होता. "किधर हाय हवा?"

"मैं बोली ना, नक्को."

त्याचा चेहरा उतरला. पुढच्या दारात चपला घालताना तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, अम्मीचं मनावर घेऊ नका. म्हाताऱ्या माणसाचं काय खरं न्हाय. घर तुमचं एक नंबर हाय." तो माझी माफी मागत होता. मी मान हलवली. चाचींनी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तो दगड जागेवर ठेव बेटी. कुनीतरी अडकंल."

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, वारं फार येतं म्हणून नको म्हणाल्या. तो जेवता जेवता थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा जेवायला लागला. त्यालाही कळलं असावं. पाठीला पट्टा बांधून तो सकाळी नेहमीसारखा गाडीला गेला.

मी दिवसभर मशीनवर बसले आणि एक टाका सरळ पडला नाही. ती गोड घरमालकीण मला पुन्हा पुन्हा आठवत होती. तिच्या घरी येऊन कुणी नमाज पढलं नव्हतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, तुला बी असंच दाखवलं व्हतं का. कदाचित विचारायला हवं होतं. तिच्या आधी या घरात कोण होतं, हे मला आजही माहीत नाही. तिला मी नंतर शिव्या दिल्या नाहीत. माफ केलं असंही नाही. फक्त ते शब्द तोंडातून जाईनात, कारण ते आधी मलाच लागायचे.

पुढच्या रविवारी दुसरं कुटुंब आलं. तरुण नवरा-बायको, दोघं नोकरी करणारे. या वेळी माझा नवरा घरी होता आणि माझ्या मागोमाग फिरत होता. त्यांनी दार पूर्वेला आहे का पाहिलं. पाणी किती दिवसांआड येतं ते विचारलं. दिवे लावून बघितले. सगळं आमच्यासारखंच. आतल्या खोलीच्या दारात त्यातली बायको थांबली. खाली वरवंटा लावलेला होता, मीच परत ठेवलेला. पडद्याला हात लावून तिनं विचारलं, "दार लावत नाही का तुम्ही?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं पाठीवर हात ठेवला होता आणि तो माझ्याकडेच बघत होता. नको म्हणून मान हलवत होता का, की नुसती पाठ दुखत होती, मला सांगता येणार नाही. मी खाली वाकले, वरवंटा उचलला.

"आत जा दोघं," मी म्हणाले, "आणि लावून बघा."

दार घासत गेलं आणि बसलं. आत ते दोघं, बाहेर आम्ही दोघं. आतून कडी वाजली, मग पुन्हा जोरात वाजली. मी वरवंटा पोटाशी धरून दाराला तोंड लावलं.

"ओढू नका. आधी दार आमच्याकडं ढकला, मग कडी वर उचला, मग ओढा. आणि बाहेर आलात की लगेच जाऊ नका. जरा बसा. मला तुम्हाला या घराचं सांगायचंय."